जुना नकाशा

माझ्या अभ्यासिकेच्या भिंतीवर जगाचा एक जुना नकाशा टांगलेला आहे. मी शाळेंत असतांना वडिलांनीं तो मुंबईहून आणला होता. त्याचा कागद आतां पिवळा पडला आहे, कडा विरल्या आहेत, आणि दक्षिण अमेरिकेच्या टोंकाशीं वाळवीनें आपलें स्वतंत्र राज्य स्थापन केलें आहे. तरीहि त्या नकाशाकडे पाहणाराच्या डोळ्यांत प्रथम भरतो तो त्याच्या वरच्या अंगाचा विस्तीर्ण तांबूस पट्टा. बाल्टिक समुद्रापासून पॅसिफिक महासागरापर्यंत पसरलेल्या त्या पट्ट्यावर मोठ्या अक्षरांत एकच नांव छापलेलें आहे, आणि तें सोव्हिएत संघाचें.

घरांतल्या मंडळींना हा नकाशा मुळींच आवडत नाहीं. दिवाळीच्या साफसफाईंत दरवर्षीं त्याला खालीं उतरविण्याचा ठराव येतो आणि माझ्या एकट्याच्या विरोधानें तो बारगळतो. "जें राज्यच उरलें नाहीं, त्याच्या नकाशावरची धूळ मीं कां झाडावी?" हा आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न तसा बिनतोड आहे. "जें उरलें नाहीं त्यावरच माझें पोट चालतें," असें इतिहासाच्या प्राध्यापकाला शोभणारें उत्तर मी देतों आणि वेळ मारून नेतों. परंतु खरें कारण तें नव्हे. त्या तांबूस पट्ट्यावर लहानपणीं माझा जीव जडला होता, हें खरें कारण.

माझ्या पिढीच्या मध्यमवर्गीय घरांतून ज्यांचें बालपण गेलें त्यांना हें समजावून सांगावें लागणार नाहीं. 'सोव्हिएत लँड'च्या गुळगुळीत पानांचीं वेष्टनें आमच्या शाळेच्या पुस्तकांना असत. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा ह्या प्रकाशनसंस्थांचीं मराठी पुस्तकें लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांत आणि प्रदर्शनांत इतक्या अल्प किंमतींत मिळत, कीं खाऊच्या पैशांतूनहि एखादें घेतां येई. ज्यानें जन्मांत कधीं बर्फ पाहिलें नव्हतें असा मी कोंकणांतला मुलगा, मे महिन्याच्या उकाड्यांत पडवीवर उताणा पडून बर्फावरच्या घसरगाड्यांचीं वर्णनें वाचीत असें. समोवार म्हणजे काय हें कळण्यापूर्वींच त्याच्यापुढें बसून चहा पिण्याची माझी तयारी झालेली होती. गोगोल, ऐतमातोव्ह, दुम्बाद्झे हे सारे लेखक आमच्या लेखीं एकजात 'रशियन'. गोगोल युक्रेनमधल्या पोल्ताव्हा प्रांतांत जन्मला, ऐतमातोव्ह किरगीझ होता, दुम्बाद्झे जॉर्जियन होता, हें पुढें पुस्तकांतून कळलें; परंतु कळणें आणि उमगणें ह्यांत अंतर आहे. एका मोठ्या नांवाखालीं कितीएक लहान नांवें दडपून ठेवलेलीं असतात, हें उमगावयास माझी पन्नाशी उलटावी लागली.

१९९१ सालीं सोव्हिएत संघ विसर्जित झाला तेव्हां मी महाविद्यालयांत विद्यार्थी होतों. त्या वर्षीं १ डिसेंबरला युक्रेनच्या जनतेनें मतदान केलें आणि शेंकडा नव्वदांहून अधिक मतें स्वातंत्र्याच्या बाजूनें पडलीं. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन व बेलारूस ह्या तीन राज्यांच्या प्रमुखांनीं बेलारूसमधल्या एका अरण्यांत बसून विसर्जनाच्या कागदावर सह्या केल्या. २५ डिसेंबरच्या संध्याकाळीं क्रेमलिनवरचा लाल बावटा खालीं उतरला आणि एकाचीं पंधरा राज्यें झालीं. मला त्या दिवशीं कोणी आप्त गेल्यासारखें वाटलें, हें मी कबूल करतों. पुढें शिकवूं लागल्यावर ह्याच प्रसंगावरून मी विद्यार्थ्यांना एक सिद्धांत सांगत असें: एवढें अवाढव्य साम्राज्य तुलनेनें किती थोड्या रक्तपातांत संपलें पाहा; कांहीं साम्राज्यें आपल्या मरणानें, अंथरुणावर मरतात. हें वाक्य मीं वीस-बावीस वर्षें वर्गांत म्हटलें. विद्यार्थी तें टिपून घेत आणि परीक्षेंत मला परत करीत.

२४ फेब्रुवारी २०२२ च्या संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो आमच्याच जिल्ह्यांतल्या एका लहान गांवीं शेती पाहतो. इकडे वैद्यकीय शिक्षणाचा खर्च झेपण्यासारखा नव्हता म्हणून त्यानें जमिनीचा एक तुकडा विकून मुलीला खार्किव्ह शहरीं डॉक्टरकी शिकावयास पाठविलें होतें. त्या दिवशीं पहाटे रशियाच्या सैन्यानें युक्रेनवर चाल केली होती. मुलीचा फोन दुपारपासून लागत नव्हता. तो बसला नाहीं, पाणीहि प्यायला नाहीं, भिंतीवरच्या नकाशापाशीं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, खार्किव्ह कोठें आहे तें मला दाखवा."

मी चष्मा लावून उठलों. तांबूस पट्ट्यावर माझें बोट फिरूं लागलें. सीमांच्या जागीं ठिपक्यांच्या पुसट रेघा होत्या, पण काळाबरोबर त्या जवळजवळ उडून गेल्या होत्या. शहर सांपडेना. तो कांहीं वेळ माझ्या बोटाकडे पाहत राहिला आणि मग अगदीं भोळेपणानें म्हणाला, "सर, पण ह्यांत तर युक्रेन नांवाचा देशच नाहीं."

वाचकहो, त्याच्या तोंडचें तें वाक्य ऐकून माझ्या अंगावर कांटा आला. कारण बरोबर तीन दिवसांपूर्वीं, २१ फेब्रुवारीला, रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनीं आपल्या राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणांत हेंच सांगितलें होतें. आधुनिक युक्रेन ही लेनिनच्या बोल्शेव्हिकांनीं घडविलेली वस्तु आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्याच्या आधीं, जुलै २०२१ मध्यें, रशियन आणि युक्रेनियन हे मूळचे एकच लोक होत असा एक दीर्घ निबंधहि त्यांनीं लिहून प्रसिद्ध केला होता. म्हणजे माझ्या भिंतीवरचा नकाशा आणि क्रेमलिनमधला नकाशा एकच होता. फरक एवढाच, कीं मी माझ्या नकाशाकडे पाहून उसासे टाकीत होतों, आणि तिकडे त्याच्या हुकमानें रणगाडे चालत होते.

त्या रात्रीं झोप आली नाहीं. मीं गेल्या वर्षांचा हिशेब मनाशीं मांडून पाहिला. १९९४ सालीं बुडापेस्ट येथें युक्रेननें आपल्या भूमीवरचीं अण्वस्त्रें सोडून देण्याचें मान्य केलें, आणि त्याच्या बदल्यांत रशिया, ब्रिटन व अमेरिका ह्या तिघांनीं त्याच्या सीमांचा मान राखण्याचें लेखी अभिवचन दिलें. २००५ सालीं रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनीं सोव्हिएत संघाचें विघटन ही गेल्या शतकांतली फार मोठी भूराजकीय आपत्ति होय असें जाहीरपणें म्हटलें. ऑगस्ट २००८ मध्यें जॉर्जियाशीं पांच दिवसांचें युद्ध झालें आणि अब्खाझिया व दक्षिण ओसेतिया हे दोन तुकडे स्वतंत्र राज्यें म्हणून रशियानें मान्य केले. तेथल्या बहुतेक रहिवाशांच्या हातीं रशियाचीं पारपत्रें आधींच पोंचविलेलीं होतीं. मार्च २०१४ मध्यें क्रिमिया जोडून घेतला. हे सारे प्रसंग मीं वर्तमानपत्रांत वाचले होते. सुटे सुटे वाचले होते. प्रत्येक वेळीं त्या त्या प्रसंगाचें स्थानिक कारण मला पटत गेलें. साम्राज्य अंथरुणावर मेलें अशी ज्याची बालंबाल खात्री असते, त्याला शेजारच्या खोलींतला पावलांचा आवाज ऐकूं येत नाहीं.

ज्यांना तो ऐकूं येत होता ते शेजारी होते. एस्टोनियाच्या पूर्व टोंकाला नार्व्हा नांवाचें शहर आहे. नदीच्या अल्याड त्याचा मध्ययुगीन किल्ला, पल्याड १४९२ सालीं तिसऱ्या इव्हाननें बांधलेला इव्हानगोरोदचा किल्ला. मध्यें अरुंद नदी, आणि पांच शतकें एकमेकांवर डोळे रोखून उभे असलेले हे दोन बुरूज. १९२० सालच्या तार्तूच्या तहानें सोव्हिएत रशियानें एस्टोनियावरचे सर्व हक्क कायमचे सोडून दिले. तें 'कायमचे' वीस वर्षें टिकलें. १९३९ च्या ऑगस्टमध्यें जर्मनीशीं गुप्त वांटणी झाली, १९४० सालीं तिन्ही बाल्टिक राज्यें गिळलीं गेलीं, आणि १९४१ व १९४९ सालीं तेथल्या हजारों कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे पाठविण्यांत आलें. जून २०२२ मध्यें रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनीं पीटर द ग्रेटचा दाखला देऊन, पीटरनें कांहीं हिरावून घेतलें नाहीं, आपलें होतें तेंच परत घेतलें, असें म्हटलें आणि ओघांत नार्व्ह्याचेंहि नांव घेतलें. नार्व्हा पीटरनें १७०४ सालीं जिंकली होती. तिथल्या एखाद्या आजीबाईला हें ऐकून काय वाटलें असेल, ह्याचा विचार करावा; मग त्या चिमुकल्या देशांच्या भीतीला आपण सहजासहजीं बाऊ म्हणणार नाहीं.

भाऊबंदकी ही आपल्या ओळखीची गोष्ट असल्यामुळें मी हें विद्यार्थ्यांना तिच्याच भाषेंत सांगतों. घराची वांटणी होते, कागद होतात, सह्या होतात. थोरल्या घराचा कर्ता मात्र धाकट्याच्या ओसरीवर येऊन बसतो आणि म्हणतो, "वांटण्या झाल्या म्हणून काय झालें? अंगण आपलें एकच." धाकटा घाबरून गांवांतल्या दुसऱ्या बड्या घराशीं सोयरीक करतो. मग थोरला साऱ्या गांवाला सांगतो, "पाहिलेंत? माझ्याविरुद्ध कट चालला आहे!" ह्यांत थोरल्याची तक्रार अगदींच निराधार असते असें मी म्हणत नाहीं. पाश्चात्त्यांचा नाटो हा लष्करी संघ १९९९ आणि २००४ सालीं पूर्वेकडे सरकला, त्यानें मॉस्कोंत संशय वाढला, आणि तो वाढेल असा इशारा अमेरिकेंतल्याच जाणत्या मुत्सद्द्यांनीं दिला होता. परंतु सोयरीक करणाराच्या मनांत आधीं काय होतें हें विचारल्याखेरीज हा कज्जा सुटत नाहीं. फिनलंडनें शीतयुद्धाच्या ऐन भरांतहि त्या संघाचा उंबरा ओलांडला नव्हता. युक्रेनवरचा हल्ला पाहिल्यानंतर ४ एप्रिल २०२३ रोजीं तो त्यांत दाखल झाला, आणि त्याच्या पाठोपाठ २०२४ सालीं स्वीडन. ज्या कुंपणाचें भय दाखवून ही स्वारी निघाली, तेंच कुंपण रशियाच्या सीमेला लागून तेराशेंहून अधिक किलोमीटरांनीं वाढलें.

माझ्या विद्यार्थ्याची मुलगी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत सुखरूप घरीं पोंचली. कांहीं दिवस भुयारी रेल्वेच्या स्थानकांत, मग कांहीं मैल पायीं, मग आगगाडीनें सीमेपर्यंत, आणि तेथून आपल्या सरकारनें पाठविलेल्या विमानानें, असा तिचा प्रवास झाला. ज्यांच्या घरीं असें विमान परतलें नाहीं अशींहि आईबापें आपल्या देशांत आहेत, हें मी विसरलेलों नाहीं. बापलेक पेढे घेऊन आलीं. मुलगी अबोल झाली होती. पण तिनें एक गोष्ट सांगितली. ती ज्या म्हातारीच्या घरीं राहत होती ती म्हातारी जन्मभर रशियनच बोलत आलेली. खार्किव्हमध्यें बहुतेक लोक तेव्हां रशियनच बोलत. रशियन भाषकांचें रक्षण करावयाचें म्हणून जें सैन्य आलें, त्याच्या तोफा प्रथम ह्या रशियन भाषकांच्याच घरांवर धडधडल्या. तळघरांत बसल्या बसल्या त्या म्हातारीनें मुलीला सांगितलें, कीं आजपासून मी युक्रेनियनमध्येंच बोलणार. आणि ती बोलूं लागली. अडखळत, चुका करीत, मधेंच थांबून शब्द शोधीत. "सर, सत्तरीच्या बाईला स्वतःच्याच घरांत परकी भाषा शिकतांना पाहणें फार वाईट होतें," एवढें बोलून मुलगी गप्प झाली.

इतकें झाल्यावर मीं तो नकाशा उतरवावयास हवा होता. मीं हात लावलाहि. परंतु त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, आणि ती सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

आमच्या महाविद्यालयांत एक बंगाली गृहस्थ पदार्थविज्ञान शिकवितात. त्यांच्याकडे नातवाचें बारसें होतें. त्यांच्या वृद्ध मातोश्री पाळण्यापाशीं बसून अंगाई गुणगुणत होत्या. चाल गोड होती म्हणून मीं अर्थ विचारला. ते गृहस्थ प्रथम हंसले, मग थोडे संकोचले आणि म्हणाले, "तुम्हांला सांगूं कीं नको? ही तुमच्याच लोकांवर आहे." बर्गी देशांत आल्याचा आणि आतां खंडणी कोठून द्यावी ह्या विवंचनेचा उल्लेख त्या अंगाईंत आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरकर भोसल्यांचे स्वार. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षें त्यांच्या स्वाऱ्या बंगालवर होत राहिल्या. त्यांच्या धास्तीनें कलकत्त्यांत 'मराठा डिच' नांवाचा खंदक खणावयास घेतला गेला. १७५१ सालीं अलिवर्दीखानानें वार्षिक बारा लाखांची चौथाई कबूल केली तेव्हां कोठें तो प्रकार थांबला. त्या काळीं गंगाराम नांवाच्या बंगाली कवीनें ह्या स्वाऱ्यांवर जें काव्य लिहिलें त्याचें नांव 'महाराष्ट्रपुराण'. हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. मी हें एका तासांत, चौथाईच्या हिशेबासह, शिकवीत आलों आहें. परंतु तो हिशेब एका म्हातारीच्या गळ्यांतून, झोपणाऱ्या बाळाच्या कानाशीं, मीं कधीं ऐकला नव्हता.

आणि दुसऱ्या एका तासाला मी काय करीत आलों? १७५८ सालीं मराठ्यांचे झेंडे अटकेपर्यंत पोंचले, हें वाक्य मी दरवर्षीं आवाज चढवून म्हणतों. मुलें टाळ्या वाजवितात. मलाहि तें आवडतें. त्या टाळ्यांत कोणाचा कांहीं अपराध आहे असें मला वाटत नाहीं. पण आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान कोठें संपतो आणि शेजाऱ्याच्या जमिनीवरचा हक्क कोठें सुरू होतो, ही सीमा माझ्या नकाशांतल्या ठिपक्यांच्या रेघेइतकीच पुसट आहे. रशियांतल्या कोणा शिक्षकानेंहि नार्व्ह्याचें नांव वर्गांत असेंच आवाज चढवून घेतलें असेल. त्याच्याहि मुलांनीं टाळ्या वाजविल्या असतील. त्यांतलीं कांहीं मुलें पुढें सैन्यांत गेलीं, आणि त्यांच्या आयांच्या हातीं काय आलें हेंहि आतां जगाला दिसलें आहे.

खार्किव्ह नकाशांत सांपडलें नाहीं त्याच सप्ताहांत मीं एक भाषण वाचलें. २१ फेब्रुवारीच्या रात्रीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितींत केनियाचे प्रतिनिधि मार्टिन किमानी बोलले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं आमच्या आफ्रिकेच्या सीमा आम्हीं आंखल्या नाहींत; त्या लंडन, पॅरिस, लिस्बन येथें बसून परक्यांनीं आंखल्या, आणि एकाच रक्ताचे, एकाच भाषेचे लोक दुभंगले. स्वतंत्र झाल्यावर आम्ही जात, वंश, धर्म पाहून पुन्हां सीमा आंखावयास निघालों असतों तर आजहि लढत बसलों असतों. म्हणून मिळाल्या त्या सीमा आम्हीं पत्करल्या. आम्हांला त्या आवडल्या म्हणून नव्हे, तर त्यांहून कांहीं मोठें साधावयाचें होतें म्हणून. हा केवळ वक्तृत्वाचा भाग नव्हता. आफ्रिकी राष्ट्रांनीं १९६४ सालीं कैरो येथें ह्याच अर्थाचा ठराव केला होता. ज्यांचीं घरें साम्राज्यांनीं चिरलीं त्यांच्यापैकीं एकानें साम्राज्याच्या आठवणींत रमणाऱ्या एका बलाढ्य राष्ट्राला हें सुनवावें, ह्याचें मला फार वाटलें. २ मार्चला त्याच राष्ट्रसंघाच्या आमसभेंत १४१ राष्ट्रांनीं आक्रमणाचा निषेध केला, ५ विरुद्ध गेलीं आणि ३५ तटस्थ राहिलीं. तटस्थांत आपणहि होतों. त्याचीं कारणें मला समजतात. तेलाचीं, शस्त्रांचीं, जुन्या मैत्रीचीं. मीं स्वतः त्या मैत्रीचीं पुस्तकें वाचूनच वाढलों. तरीहि त्या दिवशीं केनियाच्या प्रतिनिधीचा मला हेवा वाटला, हें लपवीत नाहीं.

गेल्या सत्रांत अटकेचा तास आला. मीं नेहमींचें वाक्य नेहमींच्याच आवाजांत म्हटलें. टाळ्या वाजल्या. त्या ओसरल्यावर मीं मुलांना त्या अंगाईची गोष्ट सांगितली, खंदकाची सांगितली, खार्किव्हच्या म्हातारीचीहि सांगितली. वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, मग आम्हीं अभिमान बाळगायचा नाहीं का?"

मीं तिला सांगितलें, कीं जरूर बाळगावा. पण अटकेच्या वाटेवर ज्यांचीं गांवें होतीं त्यांच्या नातवंडांसमोर बसून जेवढा सांगतां येईल तेवढाच. ती क्षणभर विचारांत पडली आणि म्हणाली, "म्हणजे किती, सर?" घंटा झाली. मीं तिला पुढच्या तासाला उत्तर देण्याचें कबूल केलें आहे आणि तें अजून दिलेलें नाहीं.

नकाशा अद्याप भिंतीवरच आहे. मात्र त्यावर मीं एक फेरफार केला आहे. पेन्सिल घेऊन त्या उडालेल्या ठिपक्यांच्या जागीं पंधरा राज्यांच्या सीमा मीं पुन्हां काढल्या, प्रत्येकांत त्याचें नांव लिहिलें, आणि माझ्या विद्यार्थ्याला सांपडलें नव्हतें तें खार्किव्ह एका लहानशा ठिपक्यानें दाखविलें. आमच्या सौभाग्यवतींनीं तें पाहिलें आणि यंदाच्या दिवाळींत त्यावरची धूळ त्यांनीं स्वतः झाडली. फार हळू, पेन्सिल पुसली जाणार नाहीं अशा बेतानें.